लगाम कुणाच्या हातात?

दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून दोन घोडे निघतात. सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे पायी ओलांडून ते पुण्यामार्गे आळंदीला पोचतात आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरकडे वळतात. एका घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, तो माउलींचा घोडा. वाटेतल्या गावांत बाया ओवाळतात, माणसं घोड्याच्या टापेखालची माती कपाळाला लावतात. लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं, तेव्हा हेच घोडे धावतात आणि लाखोंचा समुदाय गजर करतो.

जथ्याने घोडे घेऊन निघायचं, मुक्काम करत करत मोठ्या सोहळ्याला पोचायचं, अशी परंपरा जगात इतरत्रही आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात दरवर्षी मोठा रोडिओ भरतो. आपल्या पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतला बैलबाजार आणि शर्यती एकत्र केल्या आणि त्यात उधळलेल्या घोड्यावर, बैलावर टिकून बसण्याच्या स्पर्धा घातल्या, तर रोडिओची साधारण कल्पना येईल. त्या रोडिओला लोक वेगवेगळ्या गावांहून घोड्यांवर आणि गाड्यांमधून, दिवसेंदिवस मजल करत येतात. त्याला तिथे ट्रेल राइड म्हणतात. अंकलीचे घोडे भक्तीसाठी निघतात आणि टेक्सासचे हौसेसाठी. पण दोन्हीकडे प्रश्न एकच विचारावा लागतो. रस्त्याने निघालेल्या या घोड्यांचा लगाम कुणाच्या हातात आहे? आणि ज्यांच्या हातात तो कधी येऊ दिला नाही, त्यांनी काय करायचं?

हा प्रश्न आम्ही रहिमतपूर, कोरेगाव, खटाव, कराड या पट्ट्यातल्या आंबेडकरी तरुणांपुढे ठेवतो आहोत. कारण याच पट्ट्यातल्या एका रस्त्यावर, एका बैलगाडीत, या प्रश्नाची सगळ्यात जळजळीत नोंद झालेली आहे.

मान म्हणजे काय?

आधी अंकलीच्या घोड्यांबद्दल. पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२ च्या सुमारास. आरफळ आपल्याच सातारा जिल्ह्यातलं, रहिमतपूरपासून फार लांब नाही. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. त्यांनी सोहळ्याला लष्करी शिस्त लावली आणि अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू असा लवाजमा दिला. तेव्हापासून घोड्यांचा मान शितोळ्यांचा. हा मान पिढीजात आहे. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे.

आमची शितोळे घराण्याशी काही तक्रार नाही. आम्हाला विचार करायचाय तो 'मान' या शब्दाचा. गावगाड्यात मान कधीच मोकळा नसतो, तो जातीला बांधलेला असतो. पाटलाच्या बैलाला पहिलं तोरण, अमक्याला पहिला नारळ, तमक्याला पालखीचा खांदा. आणि महाराला? महारालाही मान होता! मेलेलं ढोर ओढण्याचा मान. जत्रेत दिवटी धरण्याचा मान. मांगाला हलगी वाजवण्याचा मान. एकाचा मान त्याला घोड्यावर बसवायचा आणि दुसऱ्याचा मान त्याला त्याच घोड्यापुढे पळवायचा. शब्द एकच वापरला, म्हणून गुलामीलाही परंपरेचा सुवास आला. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका असं सांगितलं, तेव्हा ते हा खोटा मान फेकून द्यायला सांगत होते.

घोड्याशी आपल्या पूर्वजांचं नातं काय होतं, हे महारवतनाच्या कामांमध्ये लिहिलेलं आहे. सरकारी अंमलदार गावात आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचं, वाट दाखवायची, घोड्याला गवत-वैरण आणायची, रात्री राखण करायची, सांगावे घेऊन दहा-दहा कोस पायी जायचं. घोडा पोसला आपण, पुसला आपण, त्याच्यापुढे धावलो आपण. पाठीवर मात्र दुसराच. बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरच्या गावबंदीचे जे नियम नोंदवले आहेत, त्यात अस्पृश्याने गावातून घोड्यावर किंवा पालखीत बसून जाणं हाही एक गुन्हा आहे. ज्या वतनाने ही वेठबिगारी चालली त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने बंद व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. म्हणजे आज ज्यांचं वय ७५-८० आहे, त्यांनी लहानपणी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ही पेशवाईतली जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही.

पालखीतही पंगत निराळी आणि वाट निराळीच राहिली. इरावती कर्वेंसारख्या ब्राह्मण विदुषीने वारीवर लिहिताना ब्राह्मण आणि मराठा दिंड्या वेगळ्या जेवतात याचं दुःख मांडलं. दलित वारकऱ्यांच्या दिंड्यांची गोष्ट तर त्याहून पुढची. पालखीच्या अभ्यासकांनी नोंदवलंय की या दिंड्या अश्वाच्याही पुढे चालत. ऐकणाऱ्याला वाटेल, पुढे म्हणजे पहिला मान! पण सोहळा सुरू होतो घोड्यापासून. घोड्याच्या पुढे म्हणजे सोहळ्याच्या बाहेर. चोखोबांची समाधी जशी देवळाच्या पायरीशी, तशी ही दिंडी घोड्याच्या टापेपुढे. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडलं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर.

मसूर ते चाळीसगाव : लगामाचे दोन धडे

आता आपल्या रस्त्याकडे येऊ. पुणे-मिरज लोहमार्गावर साताऱ्यानंतर कोरेगाव, मग रहिमतपूर, पुढे तारगाव आणि मसूर अशी स्टेशनं लागतात. १९०१ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून निघालेली काही मुलं याच मार्गाने मसूरला उतरली. त्यातला एक होता नऊ-दहा वर्षांचा भीमराव. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते आणि पोरं सुट्टीत त्यांच्याकडे चालली होती. नवे कपडे, जरीच्या टोप्या, नवे जोडे. पुढचं आपण सगळ्यांनी वाचलंय. घ्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरने आधी चौकशी केली, महार म्हटल्यावर चार पावलं मागे सरकला. स्टेशनाबाहेर गाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान बसवून घेईना. शेवटी एक तयार झाला. अट काय? भाडं दुप्पट, आणि गाडी मुलांनीच हाकायची. गाडीवान शेजारून चालणार. रात्रभर पोरं तहानेने व्याकूळ झाली. डब्यात खायला होतं, पण पाणी कुठे मिळालं नाही.

ही घटना आपण नेहमी पाण्यासाठी आणि अपमानासाठी सांगतो. आम्हाला इथे वाचकांचं लक्ष कासऱ्याकडे वेधायचंय. त्या रात्री कासरा पोरांच्या हातात होता. का होता? त्यांना गाडी हाकता येत होती म्हणून नव्हे. गाडीवानाला त्यांच्याजवळ बसायचं नव्हतं म्हणून. दुप्पट पैसे मोजले, आणि बदल्यात मिळाली एक अनोळखी बैलजोडी, अंधारी वाट आणि आपलं आपण हाकायचं काम.

दुसरा धडा १९२९ चा, खानदेशातल्या चाळीसगावचा. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते, मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य होते. चाळीसगाव स्टेशनवर महारवाड्यातली माणसं घ्यायला आली. पाहुण्याला पायी न्यायचं कसं, म्हणून त्यांनी टांगा ठरवला. टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. मग तोडगा निघाला. टांगा त्याचा, हाकणार महारवाड्यातला माणूस. त्या बिचाऱ्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीपाशी चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत गेला. पायाला जबर दुखापत झाली. नंतर त्यांना कळलं की टांगेवाल्याच्या जातीच्या अहंकारापायी एका बॅरिस्टरचा जीव जाता जाता वाचला.

या दोन्ही घटना एकत्र ठेवून वाचा. जातिव्यवस्थेने आपल्याला गाडीत बसायची जागा नाकारली, हे आपल्याला पाठ आहे. तिने आपल्याला लगाम धरायची विद्याही नाकारली, हे आपण फारसं बोलत नाही. चाळीसगावच्या महारवाड्यात पाहुण्याबद्दल प्रेम होतं, स्वाभिमान होता, टांग्याचे पैसेही जमा झाले होते. टांगा हाकता येणारा माणूस मात्र नव्हता. कारण घोडा पाळायचा तर जागा लागते, वैरण लागते, पैसा लागतो, आणि घोड्यावर बसलेला महार गावाला सहन होत नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जनावरापुढे धावायला लावलं, ते हाकायचं कसं हे शिकूच दिलं नाही.

हे ओळखणारा एक राजा आपल्या शेजारी कोल्हापुरात होऊन गेला. छत्रपती शाहू महाराजांनी अस्पृश्यांना वसतिगृहं दिली, नोकऱ्या दिल्या, आणि त्याबरोबर आपल्या गाड्यांवर कोचमन आणि हत्तींवर माहूत म्हणून नेमलं. राजाच्या गाडीचा लगाम महाराच्या हातात देणं म्हणजे काय, हे त्या काळच्या सनातन्यांना बरोबर कळलं होतं. लगाम देणं म्हणजे स्वतःचा जीव त्या माणसाच्या हाती देणं. सहानुभूतीपेक्षा ही फार मोठी गोष्ट आहे. हा विश्वास आहे.

घोडा आज कुणाचा?

कुणी म्हणेल, हे सगळं इतिहासजमा झालं. आज कोण अडवतं? तर ऐका. मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात घोडा पाळणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. घोड्यावर बसू नको म्हणून त्याला धमक्या येत होत्या, असं त्याच्या वडिलांनी फिर्यादीत म्हटलं. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात निजामपूर गावात एका जाटव नवरदेवाला आपली वरात गावातून न्यायची होती. त्यासाठी त्याला कोर्टापर्यंत जावं लागलं, आणि जुलैमध्ये पोलिसांच्या मोठ्या बंदोबस्तात वरात निघाली. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरातमधून नवरदेवाला घोड्यावरून खाली ओढल्याच्या बातम्या लग्नसराईत येतच राहतात.

ही गोष्ट इतकी सर्रास आहे की संसदेला त्यासाठी कायद्यात शब्द घालावे लागले. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवायला, चपला किंवा नवे कपडे घालायला, लग्नाची वरात काढायला, वरातीत घोड्यावर किंवा वाहनावर बसायला अडवणं हा त्यानुसार अत्याचाराचा गुन्हा आहे. एकविसाव्या शतकात कायद्याच्या पुस्तकात घोडा, चप्पल आणि नवे कपडे यांची नावं घालावी लागतात! १९०१ च्या मसूर स्टेशनावरच्या त्या पोरांच्या अंगावर नवे कपडे आणि पायात नवे जोडेच होते, हे इथे आठवावं. राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, घाट यांच्याबरोबर रस्तेही लिहिलेले आहेत. रस्ता सर्वांचा आहे हे बाबासाहेबांना वेगळं लिहून ठेवावं लागलं, कारण रस्ता कधीच सर्वांचा नव्हता.

सातारा-सांगलीत अशा बातम्या कमी येतात हे खरं. त्याचं श्रेय फुले, शाहू, आंबेडकर, कर्मवीर भाऊराव आणि इथल्या लढाऊ चळवळींना आहे. पण बातमी येत नाही म्हणजे प्रश्न मिटला असं समजू नका. आपल्याकडे प्रश्न वेगळ्या जागी लपलेला आहे. बैलगाडा शर्यतींचंच बघा. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. मग सगळे पक्ष एकत्र आले, २०१७ ला विधिमंडळाने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. नऊ वर्षांत परंपरा परत आली. ग्रामीण शेतकऱ्याचा छंद, खिलार जातीचं जतन हे मुद्दे आम्हाला मान्य आहेत. पण याच व्यवस्थेला आम्ही विचारतो, गायरानाचा प्रश्न किती वर्षं पडून आहे? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ ला लाखो भूमिहीन जेलमध्ये गेले, पडीक आणि सरकारी जमीन मागितली. ती मागणी आजही फायलीतच फिरते आहे. ज्याच्याकडे गोठ्याला जागा नाही आणि चराईला रान नाही, तो बैल कुठून पाळणार आणि घोडा कुठून? म्हणून जत्रेतल्या शर्यतीत आपला पोरगा दिसतो तो बहुतेक वेळा धुरळा उडालेल्या गर्दीत. कमिटीत आणि गाड्याच्या मालकीत तो किती दिसतो, हे ज्याने त्याने आपापल्या गावात मोजून बघावं.

टेक्सासच्या काळ्या घोडेस्वारांनी काय केलं

आता अमेरिकेकडे. काळ्या माणसांच्या लढ्याशी आपलं नातं जुनं आहे. बाबासाहेबांनी १९४६ ला डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ ला दलित पँथरने नावच तिकडून घेतलं. म्हणून ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

सिनेमात काउबॉय नेहमी गोरा असतो. इतिहासकारांचा अंदाज असा, की एकोणिसाव्या शतकात टेक्सासमधून हजारो गुरं हाकत उत्तरेच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत नेणाऱ्या काउबॉयांपैकी चारातला एक काळा होता. गुलामगिरीच्या काळात मालकाची गुरं आणि घोडे सांभाळायचं काम गुलामांकडेच होतं. १८६५ ला गुलामगिरी संपली, तेव्हा ही विद्या त्यांच्या हातात होती. उधळत्या बैलावर झेप घेऊन त्याला शिंगांनी धरून पाडण्याचा प्रकार रोडिओत प्रसिद्ध केला तो बिल पिकेट या काळ्या काउबॉयने. तरीही अनेक ठिकाणी काळा म्हणून त्याला स्पर्धेत घेत नसत. म्हणजे आपल्याला विद्या नाकारली, आणि त्यांची विद्या वापरून घेऊन त्यांचं नाव पुसलं. रीत निराळी, मालकाचा हेतू तोच.

१९५२ ला टेक्सासमध्ये ब्रेनहॅमहून ह्यूस्टनच्या रोडिओपर्यंत पहिली ट्रेल राइड निघाली, सॉल्ट ग्रास ट्रेल. तेव्हा दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे चालू होते. बसमध्ये जागा वेगळी, शाळा वेगळी, पाण्याचे नळ वेगळे. अशा वेळी १९५७ मध्ये प्रेअरी व्ह्यू या गावातल्या काळ्या घोडेस्वारांनी स्वतःची ट्रेल राइड काढली. जेम्स फ्रान्सिस, आल्फ्रेड पॉइन्डेक्स्टर आणि मायर्टिस डाइटमन ही त्यामागची माणसं. वर्णभेद बंद करणारा नागरी हक्क कायदा यायला अजून सात वर्षं होती. आपल्याकडे नागपूरची धम्मदीक्षा आदल्याच वर्षी झाली होती.

या तिघांकडे नीट बघा. डाइटमन हा रोडिओचा खेळाडू. पुढे १९६४ ला अमेरिकेच्या राष्ट्रीय रोडिओ अंतिम स्पर्धेत उतरणारा तो पहिला काळा माणूस ठरला. पॉइन्डेक्स्टर हे पशुवैद्य, प्रेअरी व्ह्यूच्या काळ्यांच्या कॉलेजात शिकवणारे. म्हणजे खेळ आला, विद्या आली, संस्था आली. त्यांनी गोऱ्यांच्या जथ्यात आम्हाला घ्या म्हणून अर्ज केला नाही. एक दिवस भाड्याचा घोडा घेऊन मिरवले नाहीत. घोडे स्वतःचे, वैद्य स्वतःचा, संघटना स्वतःची, आणि रस्ता सगळ्यांचा. दरवर्षी, मुलांना आणि नातवंडांना सोबत घेऊन. ती राइड आजही निघते. आज ह्यूस्टनला काळ्यांचे, मेक्सिकन मुळाच्या लोकांचे, गोऱ्यांचे जथे एकाच मैदानावर येऊन उतरतात. तिथला वर्णद्वेष संपला असं आम्ही म्हणत नाही. पण त्या रस्त्यावरून काळा माणूस घोड्यावर जातो तेव्हा कुणाला नवल वाटत नाही. एका दिवसाच्या मिरवणुकीने ही सवय लागली नसती. ती लावायला साठ वर्षांहून जास्त काळ सातत्य ठेवावं लागलं.

आपल्यातले आक्षेप

आपल्यातलेच काही कार्यकर्ते विचारतील, घोडा म्हणजे सरंजामी थाट. बाबासाहेबांनी धम्म दिला, साधेपणा दिला. पांढऱ्या कपड्यात बुद्ध आणि बाबासाहेबांसमोर लग्न लावायचं सोडून आपण पाटलाची नक्कल का करायची?

आक्षेप योग्य आहे आणि त्याला उत्तर दिलं पाहिजे. लग्नात कर्ज काढून घोडा, डीजे आणि फटाके यांवर पैसे उडवणं आम्हालाही मान्य नाही. पण हक्क आणि आवड यांची गल्लत करू नका. घोड्यावर बसायचं की नाही हे आम्ही ठरवू. 'बसायचं नाही' हे गावाने ठरवायचं नाही. महाडचं पाणी गोड होतं म्हणून कुणी तिथे गेलं नव्हतं. इतर माणसांसारखी आपणही माणसं आहोत, हे सिद्ध करायला गेले होते. रस्त्याचंही तसंच आहे.

दुसरा आक्षेप असा, की पोरांना नोकरी नाही, शिष्यवृत्ती अडकली, आणि तुम्ही घोड्याच्या गोष्टी काय सांगता? आम्ही म्हणतो, जनावर ही ग्रामीण भागातली संपत्ती आहे. बैलबाजार, दूध, शर्यती, जत्रा, पर्यटन यांत मोठा पैसा फिरतो. या अर्थकारणाच्या बाहेर आपण राहायचं, आणि मग गावात आपलं काही नाही म्हणून शहराच्या झोपडपट्टीत जायचं, हे किती दिवस? आपल्या सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. राखीव जागा आहेत. आपल्या किती मुलामुलींना त्या कॉलेजचं नाव माहीत आहे? ज्यांच्या आजोबांना मेलेली ढोरं ओढायला लावली, त्यांच्या नातीने जिवंत जनावराची डॉक्टर व्हावं, याहून चांगला जबाब कोणता?

तिसरा आक्षेप प्राणीहक्काचा. बुद्धाच्या करुणेत जनावरही येतं. म्हणून जनावराला मारून, दारू पाजून, शेपट्या चावून पळवण्याचे प्रकार आम्हाला नकोत. आम्ही शर्यत मागत नाही, प्रवास मागतो आहोत.

मसूरची वाट : एक प्रस्ताव

म्हणून आमचा एक ठोस प्रस्ताव आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत भीमरावाचं नाव दाखल झालं. तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपण हार घालतो, भाषणं करतो, घरी जातो. यापुढे त्या दिवसाला जोडून दरवर्षी 'मसूरची वाट' काढावी. साताऱ्याच्या त्या शाळेपासून सुरुवात. रेल्वेने कोरेगाव, रहिमतपूरमार्गे मसूर. आणि मसूर स्टेशनाबाहेरून, जिथे एकाही गाडीवानाने पोरांना बसवून घेतलं नाही, तिथून बैलगाड्या, घोडे, टांगे, सायकली घेऊन जथ्याने खटाव तालुक्याकडे प्रवास. नोव्हेंबरची हवा थंड असते, जनावरांना उन्हाचा त्रास नाही.

नियम थोडेच असावेत. डीजे नको, पुढाऱ्याचा फ्लेक्स नको. मजल जनावरांच्या झेपेल इतकीच, सोबत पशुवैद्य आणि वैरणीची गाडी. कासरा आणि लगाम आळीपाळीने सगळ्यांच्या हातात, मुलींच्या आधी. सोबत कुणीही यावं, कुठल्याही जातीचं. ज्याला यायचंय त्याने शेजारी बसावं. शेजारून चालायची अट आता कुणी कुणाला घालायची नाही. वाटेतल्या प्रत्येक गावात थांबून गावकऱ्यांकडे पाणी मागायचं आणि सगळ्यांनी एकाच भांड्यातून प्यायचं. जे गाव आनंदाने पाणी देईल त्याचे आभार मानायचे. जे देणार नाही त्याची नोंद करायची आणि कायदा काय म्हणतो ते तिथेच वाचून दाखवायचं. प्रत्येक मुक्कामी आपल्या वस्तीत गायरानाची स्थिती काय, किती जणांकडे जनावरं आहेत, किती मुलं शिकतात, याची वही भरायची. पाच वर्षांनी ती वही या पट्ट्यातल्या जातवास्तवाचा दस्तऐवज होईल.

रहिमतपूर या वाटेच्या मध्यावर आहे. रेल्वे आहे, बाजारपेठ आहे, आजूबाजूला बागायती गावं आहेत, बैल राखणारे शेतकरी आहेत. तयारीचं शिबिर इथेच घ्यावं. दोन दिवस गाडी हाकायला, घोड्याला खरारा करायला, नाल बघायला शिकायचं. शिकवायला ज्यांना येतं त्यांच्याकडे जायचं, मग तो मराठा शेतकरी असो, धनगर असो की मुसलमान टांगेवाला. विद्या मागायला लाज नाही. चाळीसगावला जे घडलं ते विद्येवाचून घडलं, एवढं लक्षात ठेवायचं.

पहिल्या वर्षी दोन गाड्या आणि वीस पोरं असली तरी चालेल. दुसऱ्या वर्षीही तोच रस्ता, तोच दिवस. ज्या तरुण मंडळांना, महिला बचत गटांना, विद्यार्थी संघटनांना यात यायचंय, त्यांनी आपल्या वस्तीत बैठक घ्यावी आणि तीन गोष्टी लिहून काढाव्यात: आपल्याकडे कुणाची बैलजोडी आहे, गाडी हाकता येणारं कोण आहे, आणि शिकायला तयार कोण आहे. तिसरी यादी लांब असेल याची आम्हाला खात्री आहे. कामाला तिथूनच लागू.

जय भीम! जय भारत!